कर्करोगातून बरे झालेले मूल वर्गात परत येते तेव्हा

सदाफुली ओळखत नाही असा शिक्षक विरळाच. शाळेच्या कुंपणाशी कोणी पाणी घातले नाही तरी बारा महिने फुलणारे हे झुडूप. त्याच्या पानांतून व्हिन्क्रिस्टीन नावाचे एक औषध मिळते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते वापरले जात आहे. या रोगातून आज बरी झालेली बहुतेक सगळी मुले या औषधाच्या मदतीने बरी झालेली आहेत. (म्हणून सदाफुलीची पाने खाण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये. ती विषारी आहेत. औषध शुद्ध करून, मोजून, शिरेतूनच द्यावे लागते.)

याच औषधाची दुसरी बाजू अशी की, ते घेतलेल्या काही मुलांचे अक्षर बिघडते. सदऱ्याची बटणे लावायला त्यांना वेळ लागतो, जिना चढताना पाऊल नीट उचलले जात नाही. असे मूल वर्गात परत येते. फळ्यावरचे उतरवून घेताना मागे पडते. आणि आपण सहज म्हणून जातो, "आजारपणात लाड झाले, आता आळशी झालाय."

मुलाला वाचवणारे आणि त्याचे अक्षर बिघडवणारे औषध एकच. असे का होते? आणि ते ठाऊक असलेला शिक्षक काय वेगळे करू शकतो? या दोन प्रश्नांचा विचार या लेखात करू. उदाहरण म्हणून मुख्यतः रक्ताचा एक कर्करोग घेऊ. त्याचे पूर्ण नाव अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच.

सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी

१९४७ सालापर्यंत या रोगावर कोणताही उपाय नव्हता. रोग लक्षात आल्यापासून काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत मूल दगावत असे. त्या वर्षी अमेरिकेतील बोस्टन येथे सिडनी फार्बर या डॉक्टरांनी अमिनोप्टेरिन नावाचे रसायन अशा मुलांना देऊन पाहिले. १९४८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. १६ मुलांपैकी १० मुलांचा रोग काही काळ मागे हटला होता. तो पुन्हा उलटला खरा, पण हा रोग औषधाने हटू शकतो हे पहिल्यांदाच दिसले.

या कथेत आपल्या देशाचेही दोन धागे आहेत. अमिनोप्टेरिन बनवणाऱ्या लेडर्ले प्रयोगशाळेतील संशोधनाचे प्रमुख होते आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. आणि हे रसायन ज्या फोलिक आम्लाची नक्कल आहे, त्याचा माग लागला तो मुंबईत. ल्युसी विल्स या इंग्रज वैद्यकीय संशोधिका १९२८ पासून येथे गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्कातील कोणता तरी घटक हा आजार बरा करतो असे त्यांनी दाखवले. पुढे तो घटक म्हणजेच फोलिक आम्ल असे ठरले.

फोलिक आम्लाशिवाय पेशीला नवे डीएनए बनवता येत नाही आणि नवे डीएनए नसेल तर पेशीचे विभाजन होत नाही. अमिनोप्टेरिन आणि त्याचा आजही वापरात असलेला भाऊ मेथोट्रेक्सेट ही रसायने फोलिक आम्लासारखी दिसतात, पण त्याचे काम करत नाहीत. कुलुपात चुकीची किल्ली अडकून बसावी तसा हा प्रकार. खरी किल्ली मग आत जाऊच शकत नाही आणि भराभर वाढणारी कर्करोगाची पेशी उपाशी मरते.

पुढचा मोठा टप्पा अमेरिकेतच मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात गाठला गेला. हे रुग्णालय १९६२ साली सुरू झाले आणि डोनाल्ड पिंकेल हे त्याचे पहिले संचालक. एक औषध दिले की रोग उलटतो, म्हणून अनेक औषधे एकत्र द्यायची असे त्यांनी ठरवले. शिवाय एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. रक्तातून फिरणारी बहुतेक औषधे मेंदूपर्यंत फारशी पोचत नाहीत, त्यामुळे कर्करोगाच्या काही पेशी मेंदूच्या आवरणात दडून राहतात आणि नंतर बाहेर पडतात. उपाय म्हणून मुलांच्या डोक्याला किरणोपचार देण्यात येऊ लागले. १९६७ साली सुरू झालेल्या त्यांच्या पाचव्या उपचारयोजनेत जवळजवळ निम्मी मुले बरी झाली. ज्या रोगातून कोणी वाचत नव्हते, त्यातून दोघांपैकी एक वाचू लागला.

आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना व किशोरांना कर्करोग होतो. त्यांपैकी निदान ६० टक्के तरी २०३० सालापर्यंत वाचावीत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ठरवले.

म्हणजे बरी झालेली मुले वाढत जाणार. ती कुठे जाणार? अर्थातच शाळेत.

औषधाला आप-पर कळत नाही

कर्करोगाची पेशी ही बाहेरून आलेला जंतू नव्हे. ती आपलीच, पण ताळतंत्र सुटलेली पेशी. जंतू आणि आपली पेशी यांच्या रचनेत मोठे फरक असतात, म्हणून पेनिसिलिन जंतूला मारते आणि आपल्याला फारसे दुखावत नाही. कर्करोगाच्या पेशीत आणि निरोगी पेशीत तेवढा फरक नसतो. 'जी भराभर विभागते तिला मारा' एवढाच आदेश बहुतेक जुन्या औषधांना कळतो. केस गळतात, तोंड येते, रक्तपेशी घटतात त्या यामुळेच. केसांची मुळे, तोंडातील अस्तर आणि अस्थिमज्जा या ठिकाणीही पेशी भराभर विभागत असतात. हे त्रास उपचार थांबल्यावर बहुधा भरून निघतात.

मुलांची अडचण वेगळी आहे. मूल म्हणजे वाढणारे शरीर. प्रौढाच्या शरीरात जे बांधून झालेले असते, ते मुलाच्या शरीरात अजून बांधले जात असते. बांधकाम चालू असताना बसलेला धक्का लगेच दिसतोच असे नाही. पाया थोडा खचला तर ते तिसरा मजला चढवल्यावर कळते. उपचारानंतर अनेक महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसणाऱ्या अशा परिणामांना डॉक्टर 'उशिरा दिसणारे परिणाम' म्हणतात. ते सगळ्याच मुलांत होत नाहीत. कोणते औषध, किती मात्रेत आणि कोणत्या वयात मिळाले यावर ते अवलंबून असतात. त्यांतील वर्गात दिसू शकणारे काही पाहू.

हात आणि पाय: पेशीच्या आत अतिसूक्ष्म नळ्यांचे जाळे असते. पेशी विभागताना रंगसूत्रे याच नळ्यांच्या आधारे दोन बाजूंना ओढली जातात. व्हिन्क्रिस्टीन या नळ्या बनू देत नाही, म्हणून विभाजन अडते. पण मज्जापेशीही याच नळ्या वापरते, वेगळ्या कामासाठी. तिचा तंतू फार लांब असतो. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत सामान पोचवण्यासाठी या नळ्या रुळांसारख्या उपयोगी पडतात. रूळ उखडले की सर्वांत दूरचे स्टेशन आधी उपाशी राहते. म्हणून त्रास सुरू होतो तो पावलांत आणि बोटांत. पेन्सिलीवरची पकड सैल पडते, अक्षर बिघडते, मूल धावताना अडखळते. उपचारानंतर यात बहुधा हळूहळू सुधारणा होते, पण काही मुलांत वर्षानुवर्षे थोडा दोष राहतो.

मेंदू: मज्जातंतूंवर वायरीवरच्या प्लास्टिकसारखे एक आवरण असते. ते असले की संदेश वेगाने जातात. मेंदूत हे आवरण चढण्याचे काम जन्मापासून विशीपर्यंत चालते. डोक्याला दिलेले किरणोपचार आवरण बनवणाऱ्या पेशींना इजा करतात. मेथोट्रेक्सेट पाठीच्या कण्यातील द्रवात सोडावे लागते. त्याचाही काही परिणाम होतो, पण तो किरणोपचारांच्या मानाने बराच सौम्य असतो. लहान वयात, विशेषतः शाळेत जाण्याआधी, डोक्याला किरणोपचार मिळालेल्या मुलांना धोका अधिक असतो.

येथे एक मुद्दा शिक्षकांनी नीट लक्षात घ्यावा. या मुलांची समज गेलेली नसते आणि पूर्वी शिकलेले ती विसरतही नाहीत. कमी होतो तो वेग. ऐकलेले मनात धरून ठेवून त्यावर काम करणे, लक्ष टिकवणे, दोन सूचना एकाच वेळी सांभाळणे हे जड जाते. त्यामुळे पहिली-दुसरीत काही जाणवत नाही. चौथी-पाचवीनंतर धड्यांची लांबी वाढते, गणितात एकाखाली एक पायऱ्या येतात, परीक्षेला वेळेची मर्यादा येते. फरक दिसू लागतो तो तेव्हा. तोपर्यंत आजार होऊन पाच-सात वर्षे उलटलेली असतात. या दोन्हींचा संबंध जोडण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

कान: हाडांच्या, यकृताच्या आणि मेंदूच्या काही कर्करोगांवर सिस्प्लाटिन नावाचे औषध देतात. आतल्या कानातील केसांसारख्या संवेदक पेशींना ते मारते. या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. आधी जातात त्या उंच पट्टीच्या आवाजांच्या पेशी. स्वर खालच्या पट्टीत असतात, तर 'स', 'श', 'फ' यांसारख्या व्यंजनांचा बराचसा आवाज उंच पट्टीत असतो. म्हणून या मुलाला शिक्षकांचा आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. 'सात' आणि 'हात' यांत गोंधळ होतो. हाक मारली की ते 'ओ' देते, त्यामुळे त्याला कमी ऐकू येते असे कोणाला वाटत नाही. लक्ष नाही, असे मात्र वाटते.

हृदय: इटलीतील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध मिळाले. ते अतिशय गुणकारी आहे, पण हृदयाच्या स्नायुपेशींना इजा करते. या पेशींची संख्या मोठेपणी जवळजवळ वाढत नाही. मूल वाढते, त्याचे शरीर अधिक रक्त मागते आणि कमी पेशींच्या हृदयाला ते पुरवावे लागते. म्हणून कमजोरी दहा-वीस वर्षांनीही उघड होऊ शकते. धोका आयुष्यभरात मिळालेल्या एकूण मात्रेबरोबर वाढतो. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे २५० मिलिग्रॅम किंवा अधिक औषध मिळाले असेल तर त्या व्यक्तीला अधिक धोक्याच्या गटात धरतात. तेव्हा हा आकडा घरच्या कागदांत असणे किती महत्त्वाचे आहे हे वेगळे सांगायला नको.

याखेरीज उंची न वाढणे, हाडे ठिसूळ होणे, लवकर थकणे, वयात येण्याच्या वेळेत बदल होणे असे परिणामही काही मुलांत दिसतात.

बरे होणे म्हणजे काय?

'पाच वर्षे जगला म्हणजे बरा झाला' अशी मोजणी पूर्वी होई. १९७५ साली जूलिओ डॅन्जिओ या अमेरिकन किरणोपचारतज्ज्ञांनी नुसते बरे करणे पुरेसे नाही असे ठामपणे मांडले. ते मूल पुढे कसे जगते हेही पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ते पाहण्यासाठी १९९४ साली अमेरिका व कॅनडातील २६ रुग्णालयांनी मिळून एक मोठा पाहणी-प्रकल्प हाती घेतला. १९७० ते १९८६ या काळात रोगनिदान झालेली आणि नंतर निदान पाच वर्षे जगलेली मुले त्यांनी शोधून काढली. तुलनेसाठी त्यांची सख्खी भावंडे घेतली, म्हणजे घर तेच, जेवण तेच, फरक फक्त आजाराचा व उपचारांचा.

२००६ साली यातील १०,३९७ जणांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय तेव्हा २७ वर्षांच्या आसपास होते. त्यांपैकी ६२ टक्के लोकांना कोणता तरी दीर्घकालीन विकार होता आणि सुमारे २७ टक्के लोकांचा विकार गंभीर किंवा जिवावर बेतणारा होता. गंभीर विकाराचा धोका भावंडांच्या सुमारे आठ पट होता. हे आकडे भीतीदायक वाटतात, पण ते जुन्या, कठोर उपचारांचे फळ आहेत हे ध्यानात ठेवावे.

'कसे जगते' हे मोजता येते का? ताप मोजायला तापमापक आहे, पण जगण्याच्या गुणवत्तेला तसे यंत्र नाही. मग काय करायचे? सरळ मुलालाच विचारायचे. जेम्स वार्नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बनवलेली २३ प्रश्नांची एक प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. तिचे चार भाग आहेत. शरीर (८ प्रश्न), भावना (५), इतरांशी संबंध (५) आणि शाळा (५). उत्तरांवरून ० ते १०० असे गुण काढतात. मुलाने स्वतः द्यायची उत्तरे वेगळी आणि पालकांनी द्यायची वेगळी घेतात, कारण दोन्ही नेहमी जुळत नाहीत.

चार भागांतील एक पूर्ण भाग शाळेचा आहे याकडे लक्ष द्या. वर्गात लक्ष लागते का, गोष्टी विसरायला होतात का, गृहपाठ पुरा होतो का, शाळा बुडते का, असे साधे प्रश्न त्यात आहेत. इतरांशी संबंध हा भागही मोठ्या प्रमाणात शाळेतच घडतो. मित्र खेळायला घेतात का, चिडवतात का? म्हणजे बरे झालेल्या मुलाच्या जगण्याची निम्मी परीक्षा शाळेच्या आवारात चालते, आणि तेथे डॉक्टर नसतो. तेथे शिक्षक असतो.

मोजल्याने काय साधले?

विज्ञानाची खरी कसोटी येथे लागली. डोक्याच्या किरणोपचारांमुळे मुले वाचतात हे खरे, पण त्यांच्या शिकण्यावर आणि उंचीवर परिणाम होतो हे बरे झालेल्यांच्या पाहण्यांतून दिसले. मग प्रश्न आला, किरणांशिवाय तेच काम साधता येईल का? आधी किरणांची मात्रा कमी केली. नंतर ज्यांचा धोका कमी त्या मुलांत किरणे वगळली आणि पाठीच्या कण्यातून द्यायच्या औषधांवर भर दिला. शेवटी सेंट ज्यूडनेच, जेथे हे किरणोपचार रुजले होते तेथेच, २००० ते २००७ या काळात ४९८ मुलांना डोक्याला किरणे न देता उपचार दिले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी ९३ टक्क्यांहून अधिक मुले हयात होती.

कानाबाबतही असेच घडले. यकृताच्या कर्करोगावर सिस्प्लाटिन दिल्यानंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट हे साधे, स्वस्त रसायन दिले तर काय होते ते एका प्रयोगात तपासण्यात आले. प्रयोगशाळेत आयोडीनच्या अनुमापनाला आपण हेच रसायन वापरतो. नुसते सिस्प्लाटिन मिळालेल्या मुलांत ६३ टक्क्यांच्या श्रवणशक्तीला इजा झाली, तर थायोसल्फेटही मिळालेल्यांत ३३ टक्क्यांच्या. हे निष्कर्ष २०१८ साली आले.

अशा बदलांचा एकत्रित परिणामही मोजला गेला आहे. वर सांगितलेल्या अमेरिकन पाहणीत, पाच वर्षे पार केलेल्या मुलांपैकी पुढील पंधरा वर्षांत मरण पावणाऱ्यांचे प्रमाण १९७० च्या दशकाच्या आरंभी १२.४ टक्के होते. १९९० च्या दशकात आजारी पडलेल्यांत ते ६ टक्क्यांवर आले. बरे झालेल्यांची विचारपूस करत राहिल्यामुळे त्यांच्यामागून येणाऱ्या मुलांचे उपचार सुधारले.

आपल्याकडे काय आहे?

भारतातही १९८० च्या दशकात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, चेन्नईची कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी रक्ताच्या कर्करोगासाठी एकच उपचारयोजना राबवली आणि बरे होणाऱ्या मुलांचे प्रमाण बरेच वाढले. मग बरे झालेल्यांचा प्रश्न येथेही उभा राहिला. टाटा रुग्णालयात १९९१ पासून उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. तेथे मुलाची वाढ, हृदय, संप्रेरके, शिक्षण, मन या सगळ्यांची विचारपूस नियमाने होते. २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया या संस्थेची केंद्रे मुंबईत उपचारांसाठी आलेल्या बाहेरगावच्या कुटुंबांना राहायला जागा देतात. बालपणी कर्करोगातून बरे झालेल्या तरुणांचा 'उगम' हा गट २००९ पासून इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने काम करतो. स्वतः यातून गेलेला विशीतला तरुण नव्याने आजारी पडलेल्या मुलाच्या आईशी बोलतो, तेव्हा त्या बोलण्याचे वजन वेगळेच असते.

मोठेपणी आणखी काही प्रश्न येतात. नोकरीच्या अर्जात आजार लिहावा का? विमा मिळेल का? लग्न ठरवताना, विशेषतः मुलीच्या, सांगावे की लपवावे? लपवणाऱ्या कुटुंबांना दोष देणे सोपे आहे, पण लपवण्याची किंमत मोठी असते. कागद फाडून टाकले जातात, तपासण्या थांबतात आणि वीस वर्षांनी धाप लागली तेव्हा समोरच्या डॉक्टरला लाल औषधाची गोष्ट कोणी सांगत नाही. फ्रान्समध्ये २०१६ पासून कायद्यानेच ठराविक वर्षांनंतर जुना कर्करोग विमा कंपनीला न सांगण्याचा हक्क दिला आहे. २०२२ साली ही मुदत उपचार संपल्यापासून पाच वर्षांवर आणली गेली. लपवावे लागू नये अशी सोय समाजाने करायची असते, याचे हे एक उदाहरण.

शाळा काय करू शकते?

यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

१. मूल परतण्याआधी पालकांना भेटा. वर्गात काय सांगायचे आणि काय नाही हे मुलाला व पालकांना ठरवू द्या. आजाराची माहिती त्यांची आहे, शाळेची नव्हे.

२. वर्गाने विचारले तर स्पष्ट सांगा. कर्करोग शिवल्याने, डबा वाटून खाल्ल्याने, शेजारी बसल्याने होत नाही. केस गेले ते औषधाने गेले, आणि ते परत येतील.

३. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात आणि शेवटच्या सौम्य टप्प्यात मूल शाळेत येऊ शकते. त्या काळात वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी पालकांना कळवा. संरक्षक औषध पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडते. उपचारांनंतर काही लसी पुन्हा द्याव्या लागतात. शाळेतील लसीकरणाच्या दिवशी त्या मुलाच्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय लस देऊ नये.

४. पुढच्या बाकावर बसवा. बोलताना फळ्याकडे नव्हे, मुलांकडे तोंड ठेवा. ज्याला कमी ऐकू येते त्याला ओठांची हालचाल पाहून मोठी मदत होते.

५. लिखाण कमी करा, विचार नव्हे. दहा उदाहरणांऐवजी चार द्या, पण चारही पूर्ण समजलेली असावीत. काही उत्तरे तोंडी घ्या. सूचना एका वेळी एकच द्या.

६. मूल मागे पडत असेल तर पालकांना सांगून डॉक्टरांकडे चिठ्ठी द्या. काय दिसते ते नेमके लिहा. 'अभ्यासात कच्चा' असे न लिहिता 'वाचलेले समजते, पण उतरवून घ्यायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो' असे लिहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत कर्करोग नाही. पण त्यामुळे आलेला दृष्टीचा, श्रवणाचा, हालचालीचा किंवा शिकण्याचा दोष त्यात बसू शकतो आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो.

७. खेळाच्या तासाला सरसकट बाजूला बसवू नका. व्यायाम या मुलांनाही हवा असतो. काय टाळायचे हे डॉक्टरांना विचारा.

८. उपचारांचा गोषवारा, म्हणजे कोणते औषध एकूण किती आणि किरणे कुठे मिळाली याचा कागद, जपून ठेवायला सांगा. शाळा सोडल्याच्या दाखल्याइतकाच तो जपावा. किशोरवयात आल्यावर तो मुलाने स्वतः वाचून समजून घ्यावा. तंबाखूपासून दूर राहणे सर्वांनाच गरजेचे आहे, पण ज्याच्या हृदयाला व फुप्फुसाला औषधे झेलावी लागली त्याला अधिकच.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग आठवी-नववीच्या वर्गात घेता येईल. कोणा एका मुलाकडे बोट दाखवले जाणार नाही याची काळजी घ्या आणि मज्जासंस्थेच्या धड्याला जोडून घ्या. प्रत्येकाने पुस्तकातील पाच ओळी उतरवायच्या व लागलेला वेळ सेकंदांत लिहायचा. मग लिहित्या हाताच्या अंगठ्याला व दोन बोटांना कापडाची जाड पट्टी सैलसर गुंडाळून दुसऱ्या पाच ओळी उतरवायच्या. दोन्ही वेळांचे गुणोत्तर काढा, वर्गाची सरासरी काढा. त्यानंतर लगेच, पुस्तक मिटून, दोन्ही उताऱ्यांवर तीन-तीन प्रश्न विचारा. दुसऱ्या उताऱ्याची उत्तरे पहिल्यापेक्षा वाईट येतात का? येत असतील तर का? उतारा समजला नाही म्हणून, की सारे लक्ष बोटांकडे गेले म्हणून?

मुलांना उत्तर सांगू नका. आकडे फळ्यावर मांडा आणि चर्चा होऊ द्या. 'हळू' आणि 'कच्चा' हे दोन शब्द एका अर्थाचे नाहीत, हे मुले आपणहून सांगतील. पुढच्या वेळी एखाद्याची वही अपुरी दिसली तर शेरा लिहिण्यापूर्वी आपणही हा तक्ता आठवावा.